केरबा अस्वलाचा पहिला नंबर

एका जंगलात कॅमेरा आला.

कुठून आला, असं विचारू नका. जंगलात वाघ बोलतो, कोल्हा साक्ष देतो, कासव शर्यत लावतं, हे तुम्ही आजवर मुकाट्याने ऐकत आलात. मग अस्वलाच्या गळ्यात कॅमेरा म्हटल्यावरच नेमकी शंका का येते? आला, एवढं पुरे. आता मांडी घालून बसा आणि मध्ये मध्ये मोबाइल बघू नका.

तर त्या जंगलात केरबा अस्वल राहत होता. अंगाने दांडगा, मनाने मोकळा. मध काढणं हा त्याचा धंदा आणि फोटो काढणं ही हौस. हौस म्हणजे काय, ते तुम्हाला आता ठाऊक नसणार. जी गोष्ट करून काहीच मिळत नाही आणि तरी माणूस ती करतो, तिला पूर्वी हौस म्हणत.

केरबाची फोटो काढायची रीत सोपी होती. तो म्हणायचा, "हितं उभं ऱ्हावा. हिकडं बघा. हसा." समोरचा उभा राहायचा, बघायचा, हसायचा. खट् आवाज व्हायचा आणि फोटो निघायचा.

सूर्य पाठीशी ठेवायचा, एवढं एकच त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्यामुळे प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला केरबाची गोल सावली पडलेली असायची. मोराचा पिसारा कधी पुरता मावला नाही. जिराफ त्या जंगलात नव्हता, हे एक बरं होतं.

पण घरोघरी केरबाचे फोटो होते. साळिंदर आजोबांच्या बिळात आजी-आजोबांचा जोडीने काढलेला होता. घोरपडीकडे तिच्या तीन बहिणींचा होता. फोटो हातात दिला की समोरचा आधी फोटोकडे बघायचा, मग केरबाकडे, मग पुन्हा फोटोकडे, आणि म्हणायचा, "हा मी?" त्या क्षणासाठी केरबा लांबलांबच्या टेकड्या तुडवत जायचा.

सगुणा भेकरीण त्याच्या शेजारी राहायची. भेकर म्हणजे अगदी लहान चणीचं हरीण. नवरा नव्हता, एकच पाडस होतं, त्याचं नाव चिमी. चिमीच्या बारशाला केरबाने तिचा फोटो काढला. ती नेमकी त्याच वेळी शिंकली. फोटोत चिमीने नाक मुडपलेलं, जीभ बाहेर, आणि पायाशी केरबाची सावली. सगुणाने तो झुडपांच्या जाळीतल्या आपल्या घरात, आत शिरल्या शिरल्या दिसेल असा लावला.

"केरबादादा," ती म्हणाली, "ही म्हातारी झाली तरी मी हिला ह्यो फोटो दावून हसवीन."

आता सगळं इतकं छान चाललं होतं, तर ते तसंच चालू द्यायला काय हरकत होती? पण बाळांनो, माणसाने नुसतं सुखी असून भागत नाही. त्याने प्रगतीही करावी लागते. अस्वलाचंही तेच आहे.

त्या जंगलात 'पानगळ हौशी छायाचित्रकार मंडळ' होतं. अध्यक्ष होते बगळेसर. सर तासन्‌तास पाण्यात एका पायावर, मान वाकडी करून उभे राहू शकत. हा गुण त्यांना मासे पकडण्यासाठी मिळाला होता, पण ते तो कलेसाठी वापरत. मासेही मिळत, ते वेगळं. चिटणीस होत्या टिटवीबाई. मंडळाचे नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि तोंड दिवसभर चालू असे.

दर रविवारी मंडळी पहाटे बाहेर पडत. संध्याकाळी तळ्याकाठी जमत आणि एकमेकांचे फोटो बघत. कुणाचाही फोटो वाईट म्हणायचा नाही, असा तिथला शिष्टाचार होता. फोटो चांगला असला तर 'प्रकाश बोलतोय' म्हणायचं. वाईट असला तर 'प्रयत्न जाणवतो' म्हणायचं. आपला स्वतःचा असला तर गप्प बसायचं आणि दुसरे काय म्हणतात ते ऐकायचं.

केरबा तिथे गेला तो सोबतीच्या ओढीने. चार जण भेटतील, गप्पा होतील, कुणाला मध देता येईल, एवढाच त्याचा हिशेब. त्याने बरोबर साळिंदर आजोबांचा एकट्याचा फोटो नेला होता.

मंडळींनी फोटो पाहिला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"यात तुम्हाला काय म्हणायचंय?" टिटवीबाईंनी विचारलं.

"हे आजोबा हायत," केरबा म्हणाला.

"ते दिसतंय. पण म्हणायचंय काय?"

"आजोबा हायत, येवढंच."

बगळेसरांनी डोळे मिटले. मग ते अगदी प्रेमाने म्हणाले, "प्रयत्न जाणवतो."

सर मनाचे मोठे होते. त्यांनी केरबाला पंखाखाली घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. विषय फ्रेमच्या मधोमध ठेवणं हा अडाणीपणा आहे, हे केरबाला प्रथमच कळलं. विषय एका कडेला ठेवायचा. त्याची नजर जिकडे असेल तिकडे मोकळी जागा सोडायची. सूर्य पाठीशी नाही, समोर घ्यायचा. आणि मुख्य म्हणजे चेहरा दाखवायचा नसतो, चेहरा सुचवायचा असतो.

केरबा मन लावून शिकला. त्याने साळिंदर आजोबांना पुन्हा ओढ्याच्या काठावर उभं केलं.

"आजोबा, जरा उजवीकडं सरका. अजून. अजून जरासं."

आजोबा सरकत सरकत ओढ्यात पडले. केरबाने घाबरून कॅमेरा दाबला. फोटोत नुसता काठ आला, आजोबा नव्हतेच. रविवारी तो फोटो पाहून तळ्याकाठी शांतता पसरली. या खेपेची शांतता वेगळी होती.

"अनुपस्थिती," बगळेसर हलकेच म्हणाले. "किती बोलकी आहे अनुपस्थिती!"

"प्रकाश बोलतोय," मंडळी म्हणाली.

आजोबांचे सात-आठ काटे मोडले होते, त्याबद्दल प्रकाश काही बोलला नाही. केरबाला त्या दिवशी फार आनंद झाला. पूर्वीचा आनंद एकेका घरात मिळायचा, हा एकदम वीस जणांकडून मिळाला. कुणाला नको वाटेल?

मंडळात एक रिवाज होता. नवा सभासद पक्का व्हायचा, तेव्हा त्याने आपले मंडळात येण्याआधीचे सगळे फोटो गोळा करून आणायचे आणि ओढ्यात सोडायचे. याला विसर्जन म्हणत. जुनी नजर वाहून गेल्याशिवाय नवी नजर येत नाही, असं सर सांगत. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या खेकड्यांकडे त्यामुळे जंगलातला उत्तम कौटुंबिक संग्रह जमला होता, पण खेकडे मंडळाचे सभासद नव्हते.

केरबा घरोघर फिरला. फोटो परत मागताना त्याला खरंच लाज वाटत होती. फोटो मागायची नाही, फोटोंचीच. घोरपडीने कुरकुर केली. आजी-आजोबांनी आपला जोडफोटो निमूट काढून दिला, कारण पोर शिकतंय तर अडवायचं कशाला.

सगुणा मात्र दारातच आडवी उभी राहिली.

"दादा, ह्यो फोटो मी देनार न्हाई."

"ताई, लाजिरवाणा फोटो हाय गं त्यो. माझी सावली बघ कशी मधी आलीय. मी तुला ह्याच्यापरीस भारी देतो की."

"मला भारी नको. मला हीच चिमी पायजे."

"माझं पक्कं सभासदपद अडलंय, ताई."

मग सगुणाने दिला. शेजारधर्म म्हणतात तो हा. फोटो ओढ्यात सोडला तेव्हा चिमी काठावर उभी राहून आपल्या शिंकेला टाटा करत होती.

केरबा शब्दाचा पक्का. त्याने महिनाभर पहाटे उठून चिमीचा नवा फोटो काढला. धुकं, समोरून येणारा सूर्य, आणि एका कडेला काहीतरी गडद. पाय धुक्यात बुडालेले. मंडळात त्याचं फार कौतुक झालं. सगुणाने तो फोटो आडवा धरला, उभा धरला, मग विचारलं, "दादा, ह्यात चिमी कुठं हाय?"

"ताई, चिमी बघू नगंस. भाव बघ."

सगुणाने भाव बघितला आणि फोटो परत केला. म्हणाली, प्रदर्शनात लाव, घरात धूर असतो.

केरबा आता वर वर चढत गेला. साधा सभासद होता, तो कार्यकारिणीत आला. रविवारच्या फेरीत तो पुढे चालू लागला. नवख्यांच्या फोटोंवर 'प्रयत्न जाणवतो' म्हणू लागला. शेजारीपाजारी मात्र त्याला लांबून पाहिलं की बिळात शिरत, कारण हाती लागलं तर पहाटेच्या थंडीत कडेला उभं राहावं लागे. केरबाला वाटायचं, चला, मोकळी जागा आपोआपच मिळतेय.

मग वडाची जत्रा आली.

ही जत्रा दहा जंगलांची असते. तिचा एक कायदा नीट लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. जत्रेच्या वेशीच्या आत कुणी कुणाला खायचं नाही. वाघाशेजारी ससा बसून शेव खातो. पण वेशीबाहेर पाऊल पडलं की ज्याचं त्याचं पोट आणि ज्याचे त्याचे पाय. म्हणून वेशीवर वानर स्वयंसेवक बसतात. एखादं लहान पोर भलत्याबरोबर बाहेर जात नाही ना, एवढंच त्यांनी बघायचं.

या वर्षी जत्रेत मंडळाचं प्रदर्शन होतं. वडाच्या पारंब्यांना दोऱ्या बांधून फोटो लावले होते. उद्घाटनाला वाघ आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "माझे किती आहेत?" सर म्हणाले, "महाराज, सगळ्यांत आपणच सुचवलेले आहात." वाघ खूश झाला आणि भाषणाला उभा राहिला.

आणि त्याच वेळी चिमी हरवली.

सगुणा एका दुकानाशी मीठ घेत होती. वळून बघते तर पोर नाही. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. "चिमे! ए चिमे!" भेकराचा आवाज तुम्ही ऐकलाय का? अंगाच्या मानाने फार मोठा असतो, भुंकल्यासारखा. लोकांनी वळून तिला गप्प केलं. भाषण चालू होतं, आणि भाषण वाघाचं होतं.

रडकुंडीला येऊन ती वेशीवर गेली. केरबा तिच्याबरोबर होता. त्यालाही धस्स झालं होतं, ते मी नाकारणार नाही. चिमी त्याच्या पाठीवर खेळून मोठी झाली होती.

"माझी पोर कुनासंगट भाईर गेली न्हाई ना?" सगुणाने वानराला विचारलं.

"कशी दिसते, काकी?"

"तपकिरी हाय. येवढीशी."

"आज भेकरांची पाडसं ढिगाने आलीत. सगळी तपकिरी, सगळी एवढीशी. काही खूण?"

"खूण न्हाई. तिचं नाक असं हाय."

"असं म्हणजे कसं?"

"म्हंजे तिच्यासारखं."

वानर काही वाईट नव्हता. त्याला काम नीट करायचं होतं. "काकी, फोटो आहे का एखादा? फोटो दाखवला की लगेच धरतो बघा."

सगुणाने केरबाकडे पाहिलं. केरबाने जमिनीकडे पाहिलं. मग त्याला एकदम आठवलं, "हाय की! प्रदर्शनात हाय!"

तिघंही प्रदर्शनाकडे धावले. केरबा दोरीवरून फोटो काढू लागला, तर टिटवीबाई आडव्या आल्या.

"मांडलेला फोटो काढता येत नाही. परीक्षण व्हायचंय."

"बाई, पोर हरवलीय."

"मग इथे उभं राहून बघा. बघायला कुणी अडवलंय?"

वानर फोटोसमोर उभा राहिला. धुकं बघितलं. कडेचं गडद काहीतरी बघितलं. "हे काय आहे?"

बगळेसर शेजारी येऊन उभे राहिले होते. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला पोर शोधायचीय."

"हो, हो. पण पाहताना आत काय वाटतं?"

वानर ओशाळला. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या आपुलकीने विचारलं, तर काय करणार? "छान वाटतं," तो म्हणाला, आणि फोटो डोक्यात साठवून परत वेशीवर जाऊन बसला.

थोड्याच वेळाने एक तरस आला. त्याच्याबरोबर एक पाडस होतं, त्याच्या तोंडात बोरं कोंबलेली.

"ही कोण?" वानराने हटकलं.

"भाची," तरस म्हणाला.

"नाव काय गं तुझं?"

पाडसाच्या तोंडून बोराचा रस गळला. "लाजते जरा," तरस म्हणाला.

वानराने तिला निरखून पाहिलं. मग फोटो आठवला. फोटोतली काळी होती, ही तपकिरी. फोटोतलीला पाय नव्हते, ही चांगली चार पायांवर उभी होती. वानराची खात्री पटली.

"जा," तो म्हणाला. "पण दिवस मावळायच्या आत घरी पोचा. लहान पोर आहे बरोबर."

केरबा तोवर टेकडीवर चढला होता. शोधायलाच चढला होता. वरून चौफेर दिसतं, चिमी कुठेही असली तरी दिसेल, हा त्याचा विचार चांगला होता. कॅमेरा गळ्यात होता, कारण तो नेहमीच असायचा.

आणि त्याला चिमी दिसली. समोरच्या टेकडीच्या धारेवर तरस चालला होता आणि त्याच्या मागोमाग चिमी. केरबाच्या पायांनी पळायला सुरुवातही केली होती. मध्ये एक उतार आणि एक लहानशी घळ, बस्स. अस्वल मनात आणलं तर फार जोरात पळतं.

पण सूर्य नेमका त्या दोघांच्या मागे होता.

मुलांनो, तो देखावा कसा होता, ते मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर केरबावर अन्याय होईल. आभाळ मधाच्या रंगाचं झालं होतं. धारेवर गवताचं पातं न्‌ पातं पेटल्यासारखं. एक मोठी आकृती, एक लहान आकृती, दोन्ही डाव्या कडेला, आणि त्यांच्या नजरेपुढे भरपूर मोकळी जागा. कुणाला सरका म्हणावं लागलं नव्हतं. कुणी ओढ्यात पडलं नव्हतं. सरांनी जे जे शिकवलं, ते सगळं आपण होऊन एका रांगेत येऊन उभं होतं.

एकच, केरबा मनाशी म्हणाला.

पहिला वाकडा आला. दुसऱ्यात तरसाची शेपटी तुटली. तिसऱ्याच्या वेळी चिमी एका खडकामागे गेली, म्हणून ती बाहेर येईपर्यंत त्याला थांबावं लागलं. चौथा जमला. जमला हे त्याला बोटातच कळलं.

तेवढ्यात किंकाळी ऐकू आली.

मग केरबा पळाला. असा पळाला की घळ त्याने एका उडीत पार केली. त्याला पाहून तरस चिमीला टाकून पळून गेला. चिमी जिवंत होती. थरथरत होती, रक्ताने भिजली होती, आणि तिचा डावा कान मुळापासून गेला होता.

केरबाने तिला छातीशी धरून खाली आणलं. सगुणाने लेकीला चाटलं, कवटाळलं, पुन्हा चाटलं. मग ती केरबाच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

"दादा, तुझ्यामुळं माझी पोर मला मिळाली."

सगळी जत्रा केरबाभोवती गोळा झाली. कुणी हार घातला. वाघानेसुद्धा पाठ थोपटली. केरबा काही बोलला नाही. लोक म्हणाले, बघा, किती विनयी आहे.

त्या चौथ्या फोटोकडे पुन्हा बघायचंसुद्धा नाही, असं केरबाने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो सुतारपक्ष्याच्या दुकानात गेला आणि फोटो छापून घेतला. नुसता कसा आलाय ते बघायला. मग चौकट करून घेतली, कारण बिनचौकटीचा फोटो दुमडतो. मग सरांना दाखवला, कारण सरांपासून काही लपवणं बरं नव्हे.

सर बराच वेळ एका पायावर उभे राहिले. मग त्यांनी दुसरा पायही खाली टेकला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ झाला. चिमीला वाचवल्याबद्दल केरबाचा सत्कारही तेव्हाच ठेवला होता, म्हणून सगुणाला चिमीसह पहिल्या रांगेत बसवलं होतं. चिमीच्या डोक्याला पळसाचं पान बांधलं होतं. ती गर्दीकडे बघत नव्हती, आईच्या पोटाकडे बघत होती.

बगळेसर बोलायला उभे राहिले. "आजच्या जगात नाती हरवत चालली आहेत," ते म्हणाले. "अशा वेळी मोठ्याने लहानाला दिलेली सोबत टिपणारी ही कलाकृती. शीर्षक, 'आधार'. प्रथम क्रमांक, श्री. केरबा अस्वल."

त्यांनी पडदा ओढला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्कळांचे डोळे पाणावले. एक म्हातारा ससा म्हणाला, आमच्या काळी असेच मामा असत.

सगुणा उठून फोटोजवळ गेली. यातही धड चेहरा नव्हता. यातही सगळं काळंच होतं. पण तिने तो आडवा-उभा धरला नाही.

"ही माझी चिमी हाय," ती म्हणाली.

"बघा!" सर आनंदाने म्हणाले. "रसिकाला चेहरा लागत नाही."

सगुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती फोटोकडे बघत होती. मग तिने मागे वळून चिमीकडे पाहिलं, आणि पुन्हा फोटोकडे.

"ह्यात हिला दोन कान हायत," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. आभाळावर चिमीचे दोन्ही कान उभे होते, कातरून लावल्यासारखे स्पष्ट. मागच्या रांगेतल्यालाही दिसत होते.

"दादा," सगुणाने विचारलं, "आधी काय केलंस?"

केरबाने फोटोकडे पाहिलं. मग जे खरं होतं तेच त्याच्या तोंडून गेलं.

"ताई, उजेड जात होता."

आणि मुलांनो, सांगायला वाईट वाटतं, पण सगळ्या मंडळाने माना डोलावल्या. मुद्दाम नव्हे, आपोआप डोलल्या. ते कारण प्रत्येकाला आतून पटलं होतं.

सगुणा चिमीजवळ गेली. तिने चिमीला उठवलं आणि चालू लागली. वेशीवर वानराने चिमीला लांबूनच पाहिलं आणि ओरडला, "ही चिमी! सोडा रे, हिला ओळखतो आपण!"

ते ऐकून बगळेसरांना मुद्दा सुचला. "पाहिलंत?" ते सभेला म्हणाले. "परवा हिला ओळखायला फोटो लागत होता. आज अख्खी जत्रा ओळखते. समाजाशी नातं जोडणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?" सभा पुन्हा सैल झाली. टिटवीबाईंनी पेढे वाटायला घेतले.

केरबा मात्र वडामागे जाऊन बसला. बक्षिसाचा बिल्ला त्याच्या हातात होता. सगुणाच्या घरी आता आपल्याला कुणी बस म्हणणार नाही, हे त्याला कळत होतं. चिमी आता पाठीवर चढणार नाही, तेही कळत होतं. तो हमसून हमसून रडू लागला. एवढं मोठं अस्वल रडताना बघवत नाही.

सर त्याला शोधत आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर पंख ठेवला.

"केरबा," ते कळवळून म्हणाले, "वाईट वाटतंय ना?"

"फार वाईट वाटतंय, सर. मी का न्हाई पळालो? सांगा की, का न्हाई पळालो आधी?"

"खरं दुःख आहे हे," सर म्हणाले. ते दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी मान वाकडी केली. "असं दुःख वाया जाऊ देऊ नका. चेहरा जरा डावीकडे. उजेड पडतोय तिकडे."

केरबाने डोळे न पुसता चेहरा डावीकडे वळवला.

पुढच्या जत्रेत पहिला नंबर सरांनी काढलेल्या त्या फोटोला मिळाला.

झाली गोष्ट. आता तात्पर्य सांगतो. न सांगितलं तर तुम्ही आपल्या मनाने काहीतरी भलताच अर्थ काढाल आणि आयुष्यभर एकही बक्षीस मिळवणार नाही.

तात्पर्य : कुणी संकटात दिसलं तर तडक धावत सुटू नये. आधी सूर्य कुठे आहे ते पाहावं. जे आधी धावतात, त्यांच्याजवळ दाखवायला काहीच उरत नाही, फक्त दोन कानांचं एक पोर उरतं. आणि तसली पोरं तर जंगलात ढिगाने असतात.